ठाणे-नवी मुंबईकरांनो, आपल्या कानाला आणि स्वभावाला मानवणारा क्लब कसा शोधता?

मासुंदा (ठाणे), शुक्रवार रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी मूळची साताऱ्याची, नोकरीमुळे ठाण्यात राहते, ऑफिस ऐरोलीला. आमचा ऑफिसचा ग्रुप अधूनमधून बाहेर पडतो. घोडबंदर रोड, कापूरबावडीची हाय स्ट्रीट, वाशीजवळची पाम बीच गॅलेरिया, बेलापूरचं सेक्टर १५ असं बरंच फिरून झालंय. माणसं चांगली आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण सगळीकडे वाजतं एकच: हिंदी-पंजाबी हिट गाणी, प्रत्येकाचं जेमतेम एक कडवं, की लगेच पुढचं.

मला नाचायला मनापासून आवडतं. पण मी घरी हेडफोन लावून ऐकते ते वेगळं असतं. संथ, खोल बेसचं, एकच ठेका धरून हळूहळू बदलत जाणारं. डीप हाऊस, डब, थोडं टेक्नो, असे इलेक्ट्रॉनिक संगीताचे प्रकार. एक तुकडा सात-आठ मिनिटं चालला तरी कंटाळा येत नाही, उलट तिथेच रंग चढतो.

आणि स्वभाव म्हणाल तर मी कमी बोलते. उंच टेबलाभोवती उभं राहून एकमेकांच्या कानात ओरडत गप्पा मारायच्या म्हटलं की तासाभरात दमते. तेव्हा जाणकारांना विचारायचंय: असं संगीत आपल्या टप्प्यात कुठे मिळतं? पैसे भरायच्या आधी जागेचा अंदाज कसा घ्यायचा? एकट्या मुलीने जाणं कितपत ठीक? आणि परतायचं कसं?

क्लबला जावं की जाऊ नये हा धाग्याचा विषय नाही, तेवढं कृपया सांभाळा.


कोपरीकर, शुक्रवार रात्री १०:५८

वाचतोय. माझाही हाच प्रश्न आहे, फक्त आवड हिप-हॉपची. आणि मुलगा असल्यामुळे दारातूनच परत पाठवतात ही वेगळी अडचण.


सीवूड्स_दारावे, शुक्रवार रात्री ११:१५

मासुंदाताई, हे आपल्या बाजूला नाही मिळणार. लोअर परळ किंवा वांद्रे गाठावं लागेल. पारसिक या आयडीला विचारा, त्यांचा अभ्यास आहे.


पारसिक (कळवा), शनिवार सकाळी ९:०५

हाक मारलीत, बरं केलंत. सविस्तर लिहितो. कुणी नीट सांगत नाही म्हणून चांगल्या कानाची माणसं एक-दोन वाईट रात्रींनंतर नाद सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

सगळ्यात आधी, क्लबचं नाव शोधू नका, रात्र शोधा. एकाच जागी बुधवारी लेडीज नाइट, गुरुवारी हिप-हॉप, शुक्रवारी बाहेरच्या प्रमोटरने (कार्यक्रम भरवणाऱ्याने) आणलेला टेक्नोचा डीजे आणि शनिवारी हिंदी-पंजाबी असं असू शकतं. मालक जागा आणि बार चालवतो, संगीत बहुतेक वेळा प्रमोटर ठरवतो. त्यामुळे 'अमुक क्लब कसा आहे?' याचं उत्तर शुक्रवारी गेलेला एक देतो आणि शनिवारी गेलेला दुसरं, आणि दोघंही खरं सांगत असतात.

शिवाय जागा टिकत नाहीत. ब्लू फ्रॉग हा क्लब २००७ साली लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये सुरू झाला. गोल कप्प्यांसारखी बसायची जागा, एकेक कप्पा थोडा वर-खाली, कुठेही बसा, स्टेज दिसायचंच. पैसे देऊन लाइव्ह संगीत ऐकायची गोडी कितीतरी लोकांना तिथे लागली. २०१६ मध्ये मुंबईतला ब्लू फ्रॉग बंद झाला. त्याच कंपाउंडात पुढे अँटीसोशल नावाची जागा आली आणि प्रयोग करणारे कलाकार तिथे वाजवू लागले. फ्रॉगच्या नावावर जीव असणारे हळहळत घरी बसले. ज्यांचा जीव कलाकारांवर होता ते त्यांच्यामागे नव्या जागी गेले.

म्हणून सुरुवात आपल्या हेडफोनपासून करा. तुमच्या आवडीचे दहाएक तुकडे काढा. एकेक लावा, पंधरा सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजा आणि चारने गुणा. हा झाला मिनिटाचा वेग. हाऊस साधारण १२० ते १२८ मध्ये असतं. टेक्नो १२५ पासून १४५ पर्यंत, हल्ली त्याहूनही पुढे. सायट्रान्स १४० च्या आसपास. ड्रम अँड बेस १७० ला जातं. हिप-हॉप बरंचसं ८५ ते १०० मध्ये. तुमचं वर्णन वाचून वाटतं की तुमचा आकडा १२० च्या खालीवर येईल. तसं असेल तर 'टेक्नो नाइट' अशी पाटी बघून गेलात आणि तिथे १४५ चं हार्ड टेक्नो निघालं, तर अर्ध्या तासात बाहेर याल आणि टेक्नोलाच नावं ठेवाल. तेवढं होऊ देऊ नका.

संगीत कुठून आलं हेही थोडं वाचा, कारण प्रत्येकाबरोबर वागण्याची एक रीत येते. हाऊस शिकागोचं. तिथल्या वेअरहाऊस नावाच्या क्लबमध्ये १९७७ पासून फ्रँकी नकल्स वाजवायचा. येणारे बहुतांश कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यांतले पुष्कळ समलिंगी तरुण, ज्यांना बाहेर मोकळं वागायची सोय नव्हती. तुम्ही कोण, कुणाबरोबर आलात, काय घातलंत हे फ्लोअरवर विचारायचं नाही, ही शिस्त तिथून आली. टेक्नो डेट्रॉइटचं. हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन साँडरसन या तिघांनी १९८० च्या दशकात ते उभं केलं. तिघंही बेलव्हिल नावाच्या गावच्या शाळेतले. अंधार, कमी शब्द, लांबलचक चाल. कमी बोलणाऱ्या माणसाला टेक्नोचा फ्लोअर फार मानवतो, कारण तिथे कुणी बोलतच नाही. सगळ्यांची तोंडं डीजेच्या बूथकडे असतात, शेजारचा काय करतो याकडे कुणाचं लक्ष नसतं. मासुंदा, तुम्ही गप्पांना दमता, नाचायला नाही. ही दोन माणसं अगदी वेगळी असतात आणि ग्रुपबरोबर जाण्यात ती एकत्र होऊन जातात.

आता पोस्टर. कलाकाराचं नाव मोठं आहे की ऑफर मोठी आहे ते बघा. 'अनलिमिटेड' हा शब्द वर आणि डीजेचं नाव खाली कोपऱ्यात असेल तर संगीत हा त्या रात्रीचा मुद्दा नाही. नाव ठळक असेल तर ते साउंडक्लाउड या संगीताच्या साइटवर शोधा, त्याचा एखादा तासाभराचा सेट (सलग वाजवलेलं संगीत) ऐका, तोही मधून. सुरुवातीची दहा मिनिटं सगळ्यांचीच बरी असतात. पोस्टरवर जर आधी वाजवणाऱ्या स्थानिक डीजेंची नावं वेळेसकट दिली असतील तर ती फार चांगली खूण. रेसिडेंट ॲडव्हायजर या साइटवर मुंबईचं पान आहे, इलेक्ट्रॉनिकवाल्यांना ते बुकमायशोपेक्षा उपयोगी पडतं. क्लबच्या स्वतःच्या इन्स्टाग्रामवर विसंबू नका. लोकांनी त्याला टॅग केलेले व्हिडिओ बघा. तिथे खरा उजेड, खरी गर्दी आणि खरा आवाज दिसतो.

आत गेल्यावर आधी टेबलं बघा. अख्खी बाटली मागवणाऱ्यांची टेबलं डीजेच्या अगदी पुढ्यात आणि नाचायची जागा त्यांच्या मधल्या बोळात असेल, तर ती जागा मिरवणाऱ्यांसाठी बांधली आहे. बूथसमोर मोकळा फ्लोअर आणि टेबलं भिंतीला असतील तर ती ऐकणाऱ्यांची. मग फ्लोअरच्या बरोब्बर मध्ये जाऊन उभ्या राहा. मोठा आवाज आणि चांगला आवाज यांत फरक असतो. टाळीचा किंवा झांजेचा आवाज कानात टोचतोय आणि बेस कुठल्यातरी कोपऱ्यात गुरगुरतोय, असं असेल तर सिस्टिम हलकी आहे किंवा खोलीच चुकीची आहे. काचेच्या भिंती आणि चकचकीत फरशी असली की आवाज आपटून परत येतो आणि सगळ्याचा गोंधळ होतो. चांगल्या सिस्टिमवर बेस कानाआधी छातीला कळतो, आणि तरीही शेजारच्याशी दोन शब्द बोलता येतात.

नऊ-साडेनऊला पोहोचा. बऱ्याच ठिकाणी तोवर कव्हर, म्हणजे आत जायचे पैसे, नसतं किंवा कमी असतं, आणि सुरुवातीला वाजवणारा डीजे अनेकदा रात्रीतलं सगळ्यात संथ आणि खोल संगीत वाजवतो. तुम्हाला हवं आहे नेमकं तेच.


पाम_बीच (नेरूळ), शनिवार सकाळी ११:२०

पारसिक, छान लिहिलंय, पण एक गोष्ट खटकली. 'मिरवणाऱ्यांची जागा' म्हणून आमच्याकडचे लाउंज एका वाक्यात निकालात काढू नका. मी दिवसभर एकटा लॅपटॉपसमोर असतो. शनिवारी गॅलेरियात जातो ते गाणं पाठ असलेल्या माणसांत उभं राहायला. नव्वदच्या दशकातलं गाणं लागलं की अनोळखी माणसं खांद्यावर हात टाकून गायला लागतात. माझ्या स्वभावाला ते लागतं. त्यासाठी मला ना खाडी ओलांडावी लागते ना पहाटेपर्यंत थांबावं लागतं.


पारसिक, शनिवार दुपारी १२:०२

पाम_बीच, तुमचं म्हणणं मान्य. मोठ्याने गायला आवडणाऱ्या माणसाने लोअर परळच्या अंधाऱ्या फ्लोअरवर जाऊन अवघडून उभं राहू नये, हेही तितकंच खरं. पण टेबलांच्या मांडणीवर मी ठाम आहे. गाणारी माणसं एकत्र यायला हवी असतील तर त्यांनाही मोकळा फ्लोअरच लागतो. शनिवारी तुम्ही कुठे उभे राहता ते आठवून बघा.


पाम_बीच, शनिवार दुपारी १२:१०

बारच्या उजव्या बाजूला, जिथे टेबलं नाहीत तिथे. बरोबर आहे तुमचं.


गोठिवली, शनिवार दुपारी १:३५

मी आगरी, गोठिवलीचा. आमच्या ठाणे-रायगड पट्ट्यात डान्स फ्लोअर क्लबांच्या कितीतरी आधीपासून आहे, तो म्हणजे हळद. बेंजो, ढोलकी, कीबोर्ड, आता सोबत डीजे. मासुंदाताई म्हणतात की एकच ठेका हळूहळू बदलत जाणारं संगीत आवडतं. ताई, चांगला बेंजोवाला कोळीगीताची एक ओळ पकडतो आणि तीच फिरवत राहतो. ढोलकी मागून वेग चढवते, मग एकदम सगळं थांबवून नुसता खुळखुळा ठेवतात, आणि परत सगळी वाद्यं एकत्र पडतात. पंधरा-वीस मिनिटं कुणी जागचं हलत नाही. म्हाताऱ्या आज्या आणि पाचवीतली पोरं एकाच घोळक्यात नाचत असतात. कुणाच्या ओळखीने एखाद्या हळदीला याच, गावात पाहुणीला कुणी परकं मानत नाही.

पण दहाला सगळं थांबतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, सूट फक्त बंदिस्त जागांना. सरकार वर्षातले काही ठरावीक दिवस बारापर्यंत परवानगी देतं, ते नवरात्र-गणपतीत जातात. म्हणून दहानंतर मोठ्या आवाजात नाचायचं तर चार भिंतींच्या आत, म्हणजे क्लबातच जावं लागतं. आम्ही गावातली पोरं त्यामुळेच आता वाशीला जातो, आणि तिथे आमचं एक गाणं लागलं तर लागलं. कुणीतरी महिन्यातून एक रात्र आगरी-कोळी बेंजोला द्यावी. फ्लोअर फुटेल एवढी माणसं येतील, हे लिहून देतो.


मासुंदा, शनिवार दुपारी २:१५

गोठिवलीदादा, हे वाचून अंगावर काटा आला. मला खरंच यायचंय. व्यक्तिगत निरोप पाठवते.

पारसिक, मोजून बघितलं. बहुतेक सगळे तुकडे ११८ ते १२४ मध्ये आले, दोन-तीन डबचे त्याहून संथ. एवढा सारखेपणा असेल असं वाटलं नव्हतं.


जांभळीनाका, शनिवार संध्याकाळी ६:५०

माझं वय अठ्ठावन्न. तरुण मंडळींच्या धाग्यात लिहितोय, पण विषय जवळचा आहे. आमच्या वेळी क्लब परवडत नव्हते. आमचं रंगभवन होतं, धोबी तलावला, उघड्यावर, दगडी पायऱ्या. १९८६ ला इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडांचा महोत्सव सुरू झाला. ठाण्याहून आम्ही मित्र लोकलने जायचो आणि भिजून घरी यायचो, पावसाळाच असायचा. आजूबाजूला रुग्णालयं आणि कॉलेज, त्यामुळे तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि रंगभवनातले कार्यक्रम थांबले. पुढे जुहूला रॅझबेरी ऱ्हायनोसरस मध्ये बँड ऐकायला जायचो.

सांगायचं हे की ऐकणारा माणूस आणि नाचणारा माणूस यांची जागा एकच असेल असं नाही. आता मला उभं राहवत नाही, म्हणून मी एनसीपीए या नरिमन पॉइंटच्या कलाकेंद्रात जॅझ ऐकायला जातो, बायकोही येते. दहाच्या आत कार्यक्रम संपतो, नरिमन पॉइंटहून टॅक्सीने सीएसएमटी, तिथून जलद गाडी. ज्यांना आवाज आवडतो पण रात्र मोठी नको, त्यांनी बसून ऐकण्याच्या जागांचाही विचार करावा.


निळी_छत्री (खारघर), शनिवार रात्री ९:३०

एकट्या मुलीच्या मुद्द्यावर लिहिते, कारण मी एकटीच जाते आणि मला ते आवडतं.

तिकीट असलेल्या गिगला, म्हणजे संगीताच्या कार्यक्रमाला जा. गेस्टलिस्टच्या (आधी नाव नोंदवून यायच्या) रात्री मुलींना फुकट बोलावतात, ते फ्लोअर भरलेला दिसावा म्हणून. तिथे येणाऱ्या पुरुषांचा रोखही वेगळा असतो. तिकीट काढून आलेली गर्दी संगीतासाठी आलेली असते, हा फरक आत पाऊल टाकताच जाणवतो. पोहोचल्यावर फ्लोअर मॅनेजरला नावासकट भेटून ठेवा, 'मी एकटी आले आहे' असं सरळ सांगा. चांगल्या जागी ते तुमच्यावर लक्ष ठेवतात, आणि ज्या जागी हे सांगितल्यावर माणूस विचित्र हसतो तिथून मी लगेच निघते. ग्लास हातातून सोडायचा नाही, खाली ठेवला तर तो आपला नाही. उभं राहायची जागा बूथच्या बाजूला, स्पीकरच्या थोडं पुढे. तिथे नेहमी येणारी मंडळी असतात आणि पिऊन भेलकांडणारे सहसा मागे बारजवळ राहतात. ११२ हा आपत्कालीन नंबर फोनमध्ये पटकन लागेल असा ठेवा.

दुसरा दरवाजा कुठे आहे ते आत शिरताच बघते. कमला मिल कंपाउंडची २९ डिसेंबर २०१७ ची आग विसरले नाही. गच्चीवरच्या रेस्तराँमध्ये चौदा जण गेले, त्यातले बरेचसे धुराने गुदमरून, स्वच्छतागृहात अडकून. बाहेर पडायच्या वाटेवर खुर्च्या किंवा दारूची खोकी रचलेली दिसली तर मी पैसे बुडाले तरी थांबत नाही. कृपया तुम्हीही थांबू नका.

ज्यांना क्लबात आपण कोण आहोत हे लपवावं लागतं, त्यांच्यासाठी: अंधेरीच्या ललित हॉटेलातल्या किटी सू या क्लबने ड्रॅगच्या (पुरुषांनी स्त्रीवेशात सादर करायच्या) रात्री उघडपणे केल्या आणि एलजीबीटी मंडळींना दार उघडं ठेवलं. माझा एक जवळचा मित्र तिथे पहिल्यांदा मोकळा नाचला. त्या रात्रीचा त्याचा चेहरा मी बघितलाय.


कोपरीकर, शनिवार रात्री ९:५५

निळी_छत्री, मुलांचं काय? आम्ही तीन मित्र, ऑनलाइन टेबल बुक करून एका ठिकाणी गेलो. नाव लिहीत नाही. दारावर सांगितलं 'स्टॅग नाही', म्हणजे मुलगी बरोबर नसलेल्या मुलांना प्रवेश नाही. बुकिंगच्या पानावर असं काही नव्हतं. पैसे परत मिळायला महिना गेला. हिप-हॉप ऐकायला मुलगी बरोबर हवी हे कुठलं?


निळी_छत्री, शनिवार रात्री १०:२०

कोपरीकर, मनस्ताप समजू शकते. तुमच्यासाठीही उत्तर तेच, तिकिटाच्या गिग. तिथे नावावर तिकीट असतं, जोडी विचारत नाहीत. टेबल बुकिंग म्हणजे प्रवेशाची हमी नाही, बऱ्याच ठिकाणी दारावरचा माणूसच शेवटचं ठरवतो. आणि बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावला असेल तर तो काढायला सांगता येतो. २०२२ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तशा सूचना काढल्या आणि २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. शांतपणे सांगा, काढतात.


पारसिक, शनिवार रात्री १०:४५

कोपरीकर, हिप-हॉपला तर क्लब हा नंतरचा टप्पा. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ ला डीजे कूल हर्कने इमारतीच्या सामायिक खोलीत पार्टी केली, तिथून या संगीताची सुरुवात धरतात. आपल्याकडेही कुर्ल्याचा नेझी, अंधेरीचा डिव्हाइन असे वस्तीतूनच वर आले. स्वदेसी या गटातला एमसी मवाली नावाचा रॅपर तर मराठीत रॅप करतो, ऐकला नसेल तर आधी ते करा. सायफर शोधा, म्हणजे पोरं गोल करून पाळीपाळीने रॅप करतात ते. तिथे कव्हर नाही, जोडीची अट नाही, आणि कोणत्या रात्री कुठे कोण वाजवतंय हे तिथल्या पोरांना आधी कळतं. तुमच्या स्वभावाला बोलकेपणा हवा असेल तर हाच रस्ता.


शुद्ध_सोडा, रविवार सकाळी ८:४०

मी दारू पीत नाही. कव्हरचे पैसे 'रिडीम' करायला, म्हणजे खाऊन-पिऊन वसूल करायला, कोल्ड्रिंक तरी किती पिणार? अशांसाठी काही आहे का?


पाम_बीच, रविवार सकाळी ९:१५

आहे. सकाळच्या कॉफी पार्ट्या हल्ली मुंबईत बऱ्याच होतात. कॅफेत डीजे, दारू नाही, दुपारी घरी. आणि तिकिटाच्या गिगला कव्हर रिडीम करायची भानगड नसते. तिकीट म्हणजे संगीताचे पैसे, पाणी प्यायलात तरी चालतं. आणि कॉलेजच्या मुलांसाठी सांगून ठेवतो, महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि बाकी दारूला २५ वर्षांची अट आहे. काही जागा २५ च्या खाली दारातच अडवतात. ओळखपत्र डिजिलॉकरमध्ये ठेवा.


कर्णफुल, रविवार सकाळी १०:३०

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, वाशीत काम करते. धाग्यात आवाजावर इतकं चांगलं लिहिलंय म्हणून यात भर घालते.

अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या मर्यादेनुसार ८५ डेसिबलला आठ तास चालतात. प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. क्लबात १०० सहज असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी निकष काढले, त्यात सरासरी १०० डेसिबल ही वरची मर्यादा आणि शांत बसायला वेगळी जागा असावी असं म्हटलंय. अशी जागा असलेला क्लब दिसला तर तो आपला माना. कमी बोलणाऱ्यांनाही तीच जागा कामाला येते, दहा मिनिटं टेकून परत फ्लोअरवर जाता येतं.

इअरप्लग घ्या, पण फोमचे नको. ते वरचे स्वर जास्त कापतात आणि मग संगीत उशीखालून आल्यासारखं येतं. संगीतकारांसाठीचे फिल्टरवाले मिळतात, ते सगळे स्वर जवळपास सारखे खाली आणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी कानात शिट्टी वाजत असेल तर ती सूचना समजा, आणि दोन दिवस टिकली तर तपासून घ्या. कानातल्या ज्या केसपेशी जातात त्या पुन्हा येत नाहीत. माझ्याकडे तिशीतली मुलं येतात, त्यांना टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. मला फार तळमळ वाटते म्हणून एवढं लिहिलं.


पारसिक, रविवार सकाळी ११:००

कर्णफुल, शंभर टक्के अनुमोदन. कॉन्सोलमागचे बहुतेक अनुभवी डीजे इअरप्लग लावूनच वाजवतात, एकदा निरखून बघा.


मासुंदा, पुढच्या रविवारी दुपारी ४:२०

मंडळी, जाऊन आले. निळी_छत्री सोबत आल्या होत्या, त्यांचे खूप आभार.

पोस्टरवर तीन नावं होती. पहिल्या डीजेचा सेट आठवडाभर ऐकत होते, त्याच्यासाठीच गेलो. ठाण्याहून धीमी लोकल, करी रोडला उतरून डिलाईल रोडच्या पुलावरून चालत. साडेनऊला आत. जेमतेम वीस माणसं. एक मुलगा भिंतीला टेकून डोळे मिटून उभा होता, दोघी चप्पल-बूट बाजूला काढून नाचत होत्या. टेबलं भिंतीला. मध्ये जाऊन उभी राहिले आणि बेस आला. मिरवणुकीत ढोल अगदी जवळून गेल्यावर बरगड्यांत होतं तसं, पण संथ, न थांबता. एक तुकडा संपून दुसरा कधी लागला ते कळलंच नाही. मग त्याने किक, म्हणजे खालचा मुख्य ठोका, काढून टाकली, फक्त एक मागचा प्रतिध्वनी ठेवला, कितीतरी वेळ. सगळे वाट बघत होते, कुणी ओरडलं नाही. किक परत आली तेव्हा भिंतीला टेकलेला तो मुलगा आमच्या शेजारी होता. रात्रभर कुणी नाव विचारलं नाही. कुणी फोन वर धरला नाही.

साडेअकराला मुख्य डीजे आला, वेग वाढला, गर्दी झाली. तेव्हा माझ्यासाठी जरा जास्त झालं. पहिल्या दोन तासांवरच पोट भरलं होतं, म्हणून बाराच्या आत निघालो आणि करी रोडवरून आरामात लोकल मिळाली. मला वाटायचं की क्लब म्हणजे शेवटपर्यंत थांबलंच पाहिजे. माझ्यासारखीला सुरुवातच पुरते, आणि त्यामुळे परतीचा प्रश्नही सुटतो.

ऑफिसच्या ग्रुपबरोबर गॅलेरियात जाणं सोडणार नाही. पण त्यांच्याकडून आता डीप हाऊसची अपेक्षाही ठेवणार नाही.


सीवूड्स_दारावे, रविवार दुपारी ५:०५

फार छान वाटलं वाचून. ज्यांना शेवटपर्यंत थांबायचंय त्यांच्यासाठी परतीचं लिहितो. मुंबईत बार दीडला बंद होतात. २०२० मध्ये दुकानं-हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी मिळाली तरी दारूची वेळ तीच राहिली. शेवटच्या लोकल त्याआधीच निघून गेलेल्या असतात आणि पहिली चारनंतर. म्हणजे टॅक्सी आलीच. ठाण्याचे आणि नवी मुंबईचे वेगवेगळी करू नका, ठाणेकरांना मुलुंडला सोडून ऐरोली पुलावरून पुढे वाशी-नेरूळ असा रस्ता पडतो. ऑक्टोबर २०२४ पासून मुलुंड, ऐरोली, वाशी नाक्यांवर हलक्या गाड्यांना टोल नाही, तेवढं तरी वाचतं. स्वतःची गाडी नेणाऱ्याने अजिबात पिऊ नये. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि पुलांवर नाकाबंदी असते.


गोठिवली, रविवार संध्याकाळी ७:३०

मासुंदाताई, शनिवारी रबाळ्याला चुलतभावाची हळद आहे. बेंजो सातला सुरू, दहाला बंद. ट्रान्स हार्बरने रबाळे स्टेशनला उतरा, माझी बहीण घ्यायला येईल. निळी_छत्रीताईंनाही घेऊन या. पारसिकदादा, तुम्ही तर कळव्याचेच, तुम्हाला बोलावणं वेगळं नको.


पारसिक, रविवार संध्याकाळी ७:४५

नक्की येतो. बेंजोवाल्याशी थोडं बोलता येईल का, सुरू व्हायच्या आधी? त्याची सिस्टिम कोण लावतं ते बघायचंय.


गोठिवली, रविवार संध्याकाळी ७:५०

सहालाच या मग. तोच लावतो, सगळी स्वतः.


कर्णफुल, रविवार रात्री ८:१०

इअरप्लग तिथेही न्या. आणि लहान मुलांना स्पीकरपासून लांब उभं करा, गोठिवलीदादा, एवढं माझं ऐका.